ऐकू न येणारी पेटी

"हलू नका. श्वाससुद्धा जपून घ्या," थर्स्टन पेल कुजबुजला, आणि आमच्या गावातली साठ धडधाकट माणसं खरोखर श्वास रोखून उभी राहिली.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार होता, ऊन उतरलं होतं. फायर हॉलच्या, म्हणजे बंबवाल्यांच्या सभागृहाच्या मागे कुरण आहे, कुरणाच्या टोकाला सफरचंदाचं म्हातारं झाड आहे. झाडाखाली सात हरणं गळालेली सफरचंदं चघळत होती. रोज संध्याकाळी चघळतात. आमच्या प्रत्येकाच्या हातात पेलनं एकेक हिरवी पेटी दिली होती. पावाच्या लादीएवढा आकार, वर सौरपट्टी, पुढे लुकलुकणारा हिरवा दिवा, खाली मातीत रोवायला खुंटी. पेल हीच विकत फिरत होता: हिच्यातला आवाज म्हणे फक्त हरणांना ऐकू येतो आणि ती पळतात.

"मी तीन म्हटलं की पेटी डोक्यावर उंच धरायची आणि बटण दाबायचं. सगळ्यांनी एकदम. एक... दोन... तीन!"

साठ हात वर गेले. सात माना वर झाल्या, सात पांढऱ्या शेपट्या ताठ उभ्या राहिल्या, आणि हरणं ओढा ओलांडून रानात पसार झाली. कुरण रिकामं.

"अगं बाई!" माझ्या शेजारी आर्विला डीट्झबाईंनी छातीवर हात ठेवला.

"आवाज ऐकलात कुणी?" पेलनं विचारलं.

"नाही!"

"जरासुद्धा?"

"नाही!"

"बरोबर! तुम्हाला ऐकू आला नाही, म्हणजेच पेटी चालली!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मी आयुष्यात न चालणारी बरीच यंत्रं पाहिली आहेत, पण न ऐकू येण्याबद्दल टाळ्या घेणारं हे पहिलंच. "तुमचे आजोबा कोठारावर रंगीत चांदण्या काढायचे आणि गुरं सुरक्षित राहतील म्हणायचे," पेल हसत हसत म्हणाला. "ती अंधश्रद्धा. हे विज्ञान आहे!" यावर तर लोक नुसते विरघळलेच. आपण आजोबांपेक्षा शहाणे आहोत हे फुकट ऐकायला मिळालं, तर कुणाला नको असतं? पेटीची किंमत एकशे एकोणपन्नास डॉलर. अर्ध्या तासात पेलची व्हॅन रिकामी झाली.

माझं नाव मर्ल हाउझर. गावात माझं लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, फावडी आणि मुख्य म्हणजे आठ फुटी कुंपणजाळी. आता आली ना अडचण लक्षात? मी "ही थाप आहे" म्हटलं की लोक माझ्या जाळीच्या गुंडाळ्यांकडे बघून डोळे मिचकावायचे.

"मर्ल, तुझं पोट दुखतंय रे," ग्लेन रुप म्हणाला. ग्लेन आमच्या बागमंडळाचा अध्यक्ष. त्यानं तीन पेट्या घेतल्या होत्या.

"माझं पोट ठणठणीत आहे. साठ माणसांनी एकदम हात वर केल्यावर मीसुद्धा पळालो असतो."

"हे बघ, जळणाऱ्यांसाठी पेटी नाही मिळत."

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या गावात बाग करणं म्हणजे हरणांना पंगत वाढणं. त्यात आमच्या लोकांना वेड होस्टाचं. सावलीत वाढणारी रुंद पानांची झाडं, निळी, पिवळी, पांढऱ्या काठांची. हरणांना ती कोवळ्या पालेभाजीसारखी लागतात. एका रात्रीत पानं गायब, खाली नुसते दांडे उरतात. मग गावात उपाय चालतात. कुणी झाडाला साबणाच्या वड्या टांगतो, कुणी न्हाव्याकडून केसांची पिशवी आणतो, कुणी कोल्ह्याच्या मुताची बाटली शिंपडतो. ती बाटली माझ्याच दुकानात मिळते. त्याबद्दल पुढे सांगतो, पळून जाणार नाही.

माझ्या जिवाला घोर लागला होता तो आर्विलाबाईंचा. त्या एक्याऐंशी वर्षांच्या. त्यांचा नवरा क्लेटन बावीस वर्षं होस्टाचे संकर करत होता. हजारो रोपं फेकून दिल्यावर त्याला हवं तसं एक झाड सापडलं. निळसर राखी पान, काठाला लोण्यासारखा पिवळा रंग, आणि पान थेट जेवणाच्या ताटाएवढं. तसं झाड जगात एकच, त्यांच्या मागच्या अंगणात. जूनच्या प्रदर्शनाच्या वेळी परीक्षकांनी अंगणात येऊन ते पूर्ण पानांवर पाहिलं की क्लेटनचं नाव लावून त्याची नोंद होणार होती. क्लेटन फेब्रुवारीत गेला. आर्विलाबाईंनी घर विकलं होतं. पुढच्या जुलैत त्या मुलीकडे ॲरिझोनाला राहायला जाणार होत्या. तिथल्या उन्हात होस्टा आठवडाभरही टिकत नाही. म्हणजे त्यांच्या देखत झाडाला क्लेटनचं नाव लागायला एकच जून उरला होता.

आणि सोमवारी सकाळी त्याच आर्विलाबाईंनी मला बोलावून सांगितलं, "मर्ल, कुंपण काढून टाक."

"काय?"

"मिस्टर पेल म्हणाले, लोखंडी तार पेटीच्या आवाजाच्या लहरी गिळते. कुंपण आणि पेटी एकत्र चालत नाहीत."

"आर्विलाबाई, ते कुंपण बारा वर्षं उभं आहे. बारा वर्षांत आत एक ससासुद्धा शिरला नाही!"

"तू काढतोस की मी ग्लेनला सांगू?"

काढलं. काय करणार? ग्लेननं काढलं असतं तर खांबही तोडून टाकले असते. मी जाळी नीट गुंडाळली आणि त्यांच्याच गॅरेजमध्ये उभी करून ठेवली. सारा वेळ मनात म्हणत होतो, म्हातारीची अक्कल गहाण पडली.

आणि मग ऑक्टोबरात चमत्कार झाला. हरणं नाहीशी झाली! अंगणात खुरांचा ठसा नाही, लेंड्या नाहीत, शेवंतीच्या कुंड्या शाबूत. गावात दुसरा विषय नव्हता. लोक पेट्यांवरची धूळ पुसायला लागले. कुणाचा दिवा मंद झाला की शेजारी काळजीनं विचारायचे. ग्लेन तर सकाळी कॉफीचा पेला घेऊन पेटीपाशी उभा राहायचा आणि तिच्याकडे कौतुकानं बघायचा. बायकोकडे इतक्या प्रेमानं बघताना त्याला मी कधी पाहिलं नाही.

मी म्हटलं, "अरे, माझ्याकडे पेटी नाही. माझ्याही अंगणात हरीण आलेलं नाही."

"माझ्या लहरी तुझ्याकडे येतात," ग्लेन म्हणाला. "फुकट खातोयस तू, मर्ल. थोडी तरी लाज बाळग."

"आणि नदीपलीकडच्या गावात? तिथे तर एकही पेटी नाही. तिथेही हरणं नाहीत."

"पाण्यावरून लहरी लांब जातात."

बोला आता! हरीण गेलं तर पेटीमुळे. हरीण आलं असतं तर म्हणाला असता, तुमच्याकडे तार आहे, किंवा पेटी अजून अंगणाला सरावलेली नाही. कसंही झालं तरी पेटी जिंकणारच.

शेवटी मी नेटी ब्रुबेकरबाईंकडे गेलो. नेटीबाईंनी शाळेत छत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मला शिकवलं, ग्लेनला शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकारीच्या हंगामात त्या भावाच्या शेडमध्ये हरणं सोलून, कापून देतात. आमच्याकडे तिरकमठ्याचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. माणसं हरीण मारतात, नेटीबाईंकडे टाकतात आणि मांसाची पुडकी बांधून नेतात. मी गेलो तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत रबरी हातमोजे होते आणि टेबलावर एक नर पडला होता.

मी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी मान वर न करता ऐकली आणि मग सुरी फिरवून हरणाच्या पोटाची मोठी पिशवी उघडली.

"बघ."

"नेटीबाई, मी आत्ताच जेवून आलोय."

"नववीतही तू असाच पळायचास. बघ म्हणते ना!"

बघितलं. आत पिवळसर लगदा आणि त्यात ठासून भरलेले तपकिरी तुकडे. ओकच्या झाडाची बोंडं.

"या महिन्यात एक्केचाळीस हरणं आली टेबलावर. एकूण एक पोटात हेच. डोंगरावर जाऊन आलास का यंदा? दहा वर्षांत ओकला एवढी बोंडं लागली नव्हती. जमिनीवर पाय ठेवला तर घसरतो. हरणाला होस्टा आवडतो रे, पण बोंडांपुढे होस्टा म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. बोंडं गळायला लागली की सगळी डोंगरावर जातात. दर साली थोडीफार जातात, यंदा झाडून गेली. संध्याकाळी खाली उतरतात ती फक्त ओढ्याकाठच्या सफरचंदांपुरती, गावात शिरत नाहीत. तुमचा तो पेल बरोबर सप्टेंबरच्या शेवटी आला. तो मूर्ख नाही."

"आणि बोंडं संपल्यावर?"

"जानेवारीत परत येतील. मे महिन्यात होस्टाचे कोंब वर आले की पंगतीला बसतील."

माझ्या डोळ्यांपुढे आर्विलाबाईंचं उघडं अंगण आलं. "चला, आत्ताच सांगू सगळ्यांना!"

"सांगून काय होणार? एक्केचाळीस पोटं दाखवली तर म्हणतील, लहरींमुळेच ती बोंडांकडे गेली. डोळ्यांनी दिसलं पाहिजे." त्यांनी सुरी पुसली. "आणि मर्ल, ती कोल्ह्याच्या मुताची बाटली. चालते का रे ती?"

मी टेबलावरच्या नराची शिंगं मोजायला लागलो.

"कधी तपासून पाहिलंस?"

"लोक मागतात, नेटीबाई."

"पेलकडेही लोकच मागतात."

कान धरून बाहेर काढल्यासारखा मी दुकानात परतलो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी फायर हॉलमध्ये चिकन-मक्याच्या सुपाची जेवणावळ होती. दरवर्षी असते. यंदा पाहुणा थर्स्टन पेल. तो वसंतासाठी नवी, 'दुप्पट लहरींची' पेटी घेऊन आला होता. लोकांनी आपापल्या पेट्या कौतुकानं बरोबर आणल्या होत्या, देवळात मुलाला नेतात तशा. पेलनं घड्याळ पाहिलं. सूर्य कलला होता.

"चला, मित्रांनो. पुन्हा एकदा कुरणात!"

"एक मिनिट," नेटीबाई उठल्या. हातमोजे नव्हते, पण आवाज वर्गातलाच होता. साठ माणसं आपोआप सरळ बसली. "मिस्टर पेल, यावेळी जरा वेगळं करू. सगळ्या पेट्या कुरणाच्या कडेला रोवू, चालू करू आणि आपण आत बसून खिडकीतून बघू. पेटी चालत असेल तर हरणं सफरचंदांकडे येणारच नाहीत. बरोबर?"

पेल हसला. "बाई, यंत्राला माणसाचा हात लागला की लहरींना दिशा मिळते."

"असं? मग पहाटे तीन वाजता ग्लेनच्या अंगणात कोण हात लावतं?"

हॉलमध्ये खसखस पिकली. ग्लेन मात्र लालेलाल झाला. "करून बघू ना," तोच म्हणाला. "आमच्या पेटीला काय घाबरायचंय?" त्याचा विश्वास इतका पक्का होता की पेलला नाही म्हणता येईना.

पेट्या रोवल्या. कुरणाच्या कडेनं साठ हिरवे दिवे लुकलुकू लागले. आम्ही आत येऊन सूप वाढून घेतलं आणि खिडक्यांना नाक लावून बसलो. आर्विलाबाई माझ्या बाजूला होत्या. त्यांनी सुपाला हात लावला नव्हता.

पंधरा मिनिटं काहीच नाही. पेलनं घसा साफ केला. "पाहिलंत? मी म्हटलं होतं..."

"शू!" नेटीबाई म्हणाल्या.

ओढ्याकडून एक मादी आली. मागून दोन पिल्लं. मग आणखी चार. दिव्यांच्या रांगेतून, दोन पेट्यांमधून वाट काढून ती शांतपणे सफरचंदाखाली गेली आणि खायला लागली. सगळ्यात शेवटी एक मोठा नर आला. हे दिवस नरांच्या माजाचे. तो ग्लेनच्या पेटीपाशी थांबला, तिचा वास घेतला आणि खुंटीवर शिंगं घासायला लागला. पेटी उपटून आडवी पडली. हिरवा दिवा तरीही इमानेइतबारे लुकलुकत राहिला.

एका बाजूनं कुणीतरी हसू दाबलं.

"खिडकीची काच!" पेल म्हणाला. "काचेमुळे लहरी परावर्तित..."

"काच आपल्यापुढे आहे, हरणांपुढे नाही," नेटीबाई म्हणाल्या. "आता दुसरा भाग. सगळ्यांनी उठायचं. हातात फक्त सुपाचा चमचा. पेटी नको. मागच्या दारानं हळू बाहेर यायचं. मी तीन म्हटलं की चमचा डोक्यावर."

साठ माणसं चमचे घेऊन कुरणात उभी राहिली. या गावात साठ वर्षं काढली, पण असं दृश्य मी पाहिलं नव्हतं.

"एक... दोन... तीन!"

साठ चमचे वर गेले. माना वर झाल्या, शेपट्या उठल्या, आणि हरणं ओढ्यापलीकडे दिसेनाशी झाली.

"आवाज आला कुणाला?" नेटीबाईंनी विचारलं.

आता मात्र हशाचा स्फोट झाला. नेटीबाईंनी आत येऊन टेबलावर बादली ठेवली. तिच्यात धुतलेल्या बोंडांचे तुकडे होते, हरणांच्या पोटातून काढलेले. ऑक्टोबरातला चमत्कार कुठून आला ते त्यांनी पाच वाक्यांत सांगितलं. "पेटीत काही वाजत असेलही," त्या म्हणाल्या. "पण हरणाला त्याचं काही वाटत नाही, हे तुम्ही आत्ता पाहिलंत. ज्यांना ते घाबरलं, ते तुम्ही होतात."

आता पेल पळेल असं मला वाटलं होतं. छे! तो म्हणाला, "मित्रांनो, हरणं जुन्या लहरीला सरावलीत. म्हणूनच मी नवी पेटी आणली आहे!" आणि तुम्हाला सांगतो, तीन माणसं उठून टेबलाकडे निघालीसुद्धा. मला ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात आर्विलाबाई उभ्या राहिल्या. काठीवर भार देऊन.

"मिस्टर पेल, माझ्याकडे झाड एकच आहे. कुंपण परत घातलं तर झाडाचं काय वाईट होईल?"

"झाडाचं काही नाही, बाई. पण तार असली की पेटी चालणार नाही."

"म्हणजे कुंपण घातलं तर झाड वाचेल, आणि न घातलं तर तुमची पेटी वाचेल."

पेल नव्या पेटीची सौरपट्टी पुसायला लागला. टेबलाकडे निघालेल्या तिघांपैकी दोघे परत येऊन बसले. तिसऱ्यानं पेटी घेतली. असू दे. एक तर एक.

मी आर्विलाबाईंना घरी सोडायला निघालो. गाडीत त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाल्या, "तुला वाटत असेल, म्हातारी कशी फसली."

"नाही हो."

"खोटं बोलू नकोस. क्लेटन रोज सकाळी कुंपणाला फेरी मारायचा. कुठे तार सैल झाली, कुठे फांदी पडली, बघायचा. तो गेल्यावर मला त्या तारेकडे बघवेना, मर्ल. फेरी मारायला गुडघे नाहीत, आणि न मारावी तर वाटायचं त्याचं काम सोडून दिलं. पेल म्हणाला, काढून टाका, पेटी सगळं बघेल. मला इतकं हलकं वाटलं! खरं की खोटं, ते मी विचारलंच नाही."

मला स्वतःचीच शरम वाटली. दीड महिना मी त्यांच्या अकलेला नावं ठेवत होतो. त्या दमल्या होत्या, आणि त्यांच्या दमण्याचा माल कुणीतरी हिरव्या खोक्यात घालून त्यांनाच विकला होता. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, तुमच्या कुंपणाची फेरी कोण मारतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजातली जाळी काढून मी कुंपण उभं केलं. थंडीनं बोटं काकडली होती. दहाच्या सुमाराला ग्लेन आला, न बोलता हातमोजे घातले आणि खांब धरला. जाताना मात्र म्हणालाच, "माझ्या पेट्या मी ठेवणार हं. असू देत, काय बिघडतं?" त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी आर्विलाबाईंच्या कुंपणाला फेरी मारत आलो. त्या खिडकीतून बघायच्या. कोल्ह्याच्या मुताच्या बाटल्याही फळीवरून उतरवल्या. जड गेलं, खोटं कशाला सांगू?

जानेवारीत बोंडं संपली आणि हरणं परतली. मे महिन्यात गावातले होस्टा साफ झाले. ग्लेनच्या तिन्ही पेट्यांच्या मधोमध दांडे उभे होते. "हिवाळ्यात सौरपट्टीवर बर्फ साचला, त्यामुळे ताकद कमी झाली असेल," तो म्हणाला. मी मान डोलावली. खांब धरायला आलेल्या माणसाला एवढं माफ.

जूनमध्ये परीक्षक आले. क्लेटनच्या झाडाला एकही दात लागला नव्हता. त्यांनी पान मोजलं, काठाचा रंग पाहिला, आपसात कुजबुजले आणि कागदावर नाव लिहिलं: क्लेटन डीट्झ. आर्विलाबाई काठी टेकत पुढे आल्या. त्या झाडापाशी कशाबशा वाकल्या, एक पान दोन्ही हातांत धरलं आणि मोकळेपणानं रडल्या. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जुलैत त्या गेल्या. झाड माझ्या अंगणात आलं, कुंपणासकट. आता लांबलांबून लोक ते बघायला येतात. तुम्हालाही कुणी असं काही विकायला आलं, दिव्याचं, पाण्याचं, अंगठीचं किंवा न ऐकू येणाऱ्या आवाजाचं, तर त्याच्याशी वाद घालू नका. ती वस्तू एकदा बंद करून बघा. ती नसतानाही तेच घडतंय का, ते बघा. आणि ती घ्यायचा मोह का झाला, कशाला आपण दमलो आहोत, तेही स्वतःला विचारा. एवढ्याला ना शिक्षण लागतं, ना पैसा.

पाहुणे झाडाकडे बघतात, चकित होतात आणि हळूच विचारतात, "हरणांपासून कसं वाचवलंत हो? काही गुपित आहे का?"

"आठ फुटी जाळी आहे," मी म्हणतो. "आणि रोज सकाळी मी तिला फेरी मारतो."

"एवढंच?" ते म्हणतात. त्यांचा चेहरा पडतो.

"हो," मी म्हणतो, "एवढंच."